जुन्या पेट्रोल गाडीचे अ‍ॅव्हरेज लिटरला १४ वर आले आहे : दोष इथेनॉलचा की गाडीचा?

प्रश्न : वाईकर_पुण्यात

नमस्कार. माझ्याकडे २०११ साली पुण्यात नोंदलेली, १.१ लिटर पेट्रोल इंजिनाची मॅन्युअल गिअरची छोटी हॅचबॅक आहे. गाडी एक लाख दहा हजार किलोमीटर चालली असून इंजिनाचा आवाज, धूर, ऑइल कमी होणे अशी कोणतीही तक्रार नाही. पूर्वी पुणे ते वाई या प्रवासात ती लिटरला १८.५ किलोमीटर आणि शहरात १५ च्या आसपास देत असे. आता हायवेवर १४ आणि शहरात जेमतेम ११ मिळतात. ही घसरण एकदम झालेली नाही, गेल्या दोनेक वर्षांत हळूहळू जाणवत गेली.

गॅरेजमध्ये आतापर्यंत स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले, थ्रॉटल बॉडी साफ झाली आणि इंजेक्टरही धुऊन झाले, पण फरक शून्य. आता ओटू सेन्सर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलू या, असे सांगण्यात येते आहे. शेजारचे काका मात्र ठामपणे म्हणतात की हा सगळा पेट्रोलमधल्या इथेनॉलचा प्रताप आहे आणि गाडीवर एक रुपयाही खर्च करू नये. यंदा पंधरा वर्षे पूर्ण होत असल्यामुळे आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करायचे की गाडी काढून टाकायची, हेही यावरच ठरवायचे आहे. जाणकारांनी कृपया सुरुवात कुठून करावी ते सांगावे. टायर मागच्या वर्षी नवे घातले आहेत. मूळ १५५/८० आर १३ होते, दुकानदाराच्या आग्रहावरून १६५/८० आर १३ घेतले.

उत्तर : यंत्रशास्त्र_निवृत्त

काकांचे म्हणणे पूर्ण चूक नाही, पण ते हिशेबात बसवून पाहिले पाहिजे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे तुमच्या जुन्या नोंदी अगदी शुद्ध पेट्रोलच्या होत्या असे धरले, तरी २० टक्के मिश्रणामुळे प्रत्येक लिटरमागची ऊर्जा साधारण सात टक्क्यांनीच घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातही, मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांची कार्यक्षमता २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल असाच अंदाज आहे. या हिशेबाने तुमचे १८.५ फार तर १७.३ वर यायला हवेत. तुमची घसरण मात्र जवळजवळ २४ टक्क्यांची आहे.

त्यात टायरचा एक छुपा भाग आहे. मूळ टायरचा व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर होता, नव्याचा ५९४ आहे. चाक मोठे झाले की तेवढ्याच अंतरात ते कमी फेऱ्या मारते आणि ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा २.७ टक्के कमी किलोमीटर दाखवते. तेव्हा तुम्ही ज्याला १४ म्हणता ते खरे तर १४.४ आहेत. हे नुकसान कागदावरचे आहे, खिशातले नव्हे. (रुंद टायरचा थोडा जास्त रोध असतो, तो वेगळा.)

इथेनॉल आणि टायर वजा करूनही सुमारे १७ टक्क्यांची घट उरते, आणि ती गाडीत आहे. मात्र शोध सुरू करण्यापूर्वी मोजणी पक्की करा. एकाच पंपावर, शक्य तर त्याच नोझलवर, पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी भरावी, वरून ‘राउंड फिगर’साठी पेट्रोल ओतू देऊ नये आणि टाकी बरीच रिकामी झाल्यावर पुन्हा तशीच भरावी. दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून काढलेल्या अ‍ॅव्हरेजला काहीही अर्थ नसतो.

जाता जाता एअर फिल्टरविषयी. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की मिश्रण पेट्रोलने गच्च होत असे, म्हणून तो बदलला की अ‍ॅव्हरेज वाढायचे. इंजेक्शनच्या गाडीत आत आलेल्या हवेच्या प्रमाणातच पेट्रोल सोडले जाते, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेजवर विशेष परिणाम होत नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या चाचण्यांतूनही हेच दिसले होते. तरीही आपल्याकडे पहिला बळी फिल्टरचाच जातो.

उत्तर : गॅरेज_इचलकरंजी

प्राध्यापकसाहेबांच्या हिशेबाला माझी संमती आहे. मी हातांनी तपासायच्या गोष्टी सांगतो. ओटू सेन्सरला तूर्त हात लावू नका. तो महाग भाग आहे आणि कोणतेही रीडिंग न घेता तो बदलणे म्हणजे ग्राहकाच्या पैशांनी अंदाज बांधणे होय.

पहिली शंका ब्रेकची. हायवेवर वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर, शेवटच्या टप्प्यात शक्यतो ब्रेक न लावता गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, पण स्पर्श करू नका. एखादे चाक जोडीच्या चाकापेक्षा स्पष्टपणे गरम लागत असेल तर तिथे ब्रेक घासतो आहे. पुढच्या चाकांत बहुधा कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून अडकलेल्या असतात. मागच्या ड्रमला हँडब्रेकची केबल पावसाळ्यात गंजून पूर्ण मागे येत नाही आणि लायनर कायम ड्रमला टेकून राहतात. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवले की हे लगेच कळते. टायरमधील हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे आणि टायर थंड असताना भरावी.

दुसरी शंका अशी आहे की जी फारसे कोणी घेत नाही. हायवेवर तुमच्या टेम्परेचरचा काटा कुठे असतो? मध्याच्या खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) पाहावा लागेल. इंजिन थंड आहे असे गाडीच्या संगणकाला वाटते, तोवर तो जादा पेट्रोल सोडत राहतो. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर शहराच्या गर्दीत काटा व्यवस्थित मध्यावर येतो, पण मोकळ्या रस्त्यावर वारा लागला की इंजिन पुन्हा गार पडते आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर हा दोष कधीच दिसत नाही.

तुमची गाडी २०११ ची आणि पुण्यातली आहे, म्हणजे बीएस-४ या प्रदूषण मानकाची असणार, कारण एप्रिल २०१० पासून ते मानक पुणे आणि सोलापूरसह देशातल्या निवडक शहरांत लागू झाले होते. त्यामुळे स्टिअरिंगखाली ओबीडीचे (गाडीच्या संगणकातले आकडे वाचण्याचे) सॉकेट असावे. ब्लूटूथचा स्वस्त अ‍ॅडाप्टर लावून मोबाइलवर कूलंटचे तापमान, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतो तो आकडा) आणि पुढच्या ओटू सेन्सरचे व्होल्टेज पाहा आणि इथे लिहा. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्यावा, गाडी चालवताना स्वतः पाहू नये.

वाईकर_पुण्यात

दोघांचेही आभार. मुलाला शेजारी बसवून वाईला जाऊन आलो. स्वारगेटच्या गर्दीत कूलंट ८९ अंशांवर होते. कात्रजचा बोगदा ओलांडून ताशी ८० चा वेग धरल्यावर ते उतरत उतरत ६४ वर आले, खंबाटकीच्या चढाला ७८ पर्यंत वर गेले आणि घाट उतरताना थेट ५९ वर आले. काटा त्या वेळी मध्याच्या बराच खाली होता. आजवर मी ते चांगले लक्षण समजत होतो. लाँग टर्म ट्रिम अधिक ६ च्या आसपास स्थिर होता आणि ओटूचे व्होल्टेज ०.१ ते ०.८ यांच्यामध्ये सतत झटपट वर-खाली होत होते. मागचे डावे चाक उजव्यापेक्षा गरम लागले. आणखी एक गोष्ट : दोन उन्हाळ्यांपूर्वी सिग्नलवर उभी असताना गाडी तापली होती, तेव्हा एका गॅरेजने काहीतरी ‘सेटिंग’ करून दिले होते आणि त्यानंतर ती कधीच तापली नाही.

उत्तर : गॅरेज_इचलकरंजी

ते ‘सेटिंग’ म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे असावे. त्याचे हाउसिंग, म्हणजे कवच, उघडल्यावर आत काहीच सापडले नाही तर आश्चर्य मानू नका. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढायचा, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पण तुमची गाडी उभी असताना तापत होती, चालताना नव्हे. अशा वेळी रेडिएटरचा पंखा, त्याची रिले किंवा फ्यूज पाहायला हवी होती. म्हणून आधी एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा आणि तापमान वाढल्यावर पंखा आपोआप सुरू होतो का ते पाहा. पंखा बिघडलेला असताना नवा थर्मोस्टॅट बसवला तर गाडी पुन्हा तापेल आणि हेड गॅस्केटपर्यंत खर्च जाईल.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून तपासता येतो. त्याच्यावर उघडण्याचे तापमान कोरलेले असते, बहुतेक ८२ किंवा ८८. पाणी तेवढे तापले की झडप हळूहळू उचलली जाते आणि गार झाले की पूर्ण मिटते. बसवताना हवा सुटण्याची बारीक पिन वरच्या बाजूला यावी, रबर रिंग नवी घ्यावी, नळाचे पाणी न भरता तयार कूलंट भरावे आणि हीटर चालू ठेवून सिस्टिममधली हवा काढावी.

उत्तर : यंत्रशास्त्र_निवृत्त

ट्रिमच्या आकड्याविषयी थोडे लिहितो, कारण तोच पाहून एखादा उत्साही मेकॅनिक सेन्सर बदलायला निघेल. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते तिथे इथेनॉलला ९ पट पुरते. २० टक्के मिश्रण जुन्या मापाने सोडले की सेन्सरला हवा जास्त भासते आणि संगणक सहा-सात टक्के पेट्रोल वाढवतो. तुमचा अधिक ६ म्हणजे नेमका इथेनॉलचाच वाटा आहे, आणि तो इतक्या तंतोतंत भरून काढणारा, झटपट हलणारा सेन्सर आजारी नाही. उलट थंड इंजिनासाठी सोडलेले जादा पेट्रोल या आकड्यात दिसतच नाही, कारण त्या अवस्थेत अनेक गाड्यांचा संगणक सेन्सरचे ऐकत नाही आणि आपल्या ठरीव तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतो. त्यामुळे ट्रिम बरा दिसत असतानाही टाकी रिकामी होत राहते.

वाईकर_पुण्यात

हाउसिंग खरोखरच रिकामे निघाले. पंख्याची रिले जळालेली होती. एसी लावल्यावर पंखा वेगळ्या रिलेवर फिरत असे, म्हणून ते कधी लक्षात आले नाही. रिले, थर्मोस्टॅट, कूलंट आणि मागच्या डाव्या चाकाची हँडब्रेक केबल एवढेच काम झाले आणि सगळ्याचा खर्च मिळून ओटू सेन्सरच्या किमतीपेक्षा कमी आला. आता हायवेवर कूलंट ८५ ते ९० मध्ये राहते आणि टाकी-टू-टाकी मोजल्यावर ओडोमीटरप्रमाणे १६.४ मिळाले. शहरात मात्र साडेबाराच्या वर जात नाही.

उत्तर : यंत्रशास्त्र_निवृत्त

१६.४ ला टायरची दुरुस्ती लावली की १६.९ होतात, म्हणजे इथेनॉल धरून जे १७.३ अपेक्षित होते त्याच्या अगदी जवळ. शहरातला आकडा तुमच्या फेऱ्यांवर अवलंबून आहे. भाजी, शाळा, बँक अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तापायच्या आतच बंद होते, आणि ते जादा पेट्रोल कोणताही भाग बदलून वाचत नाही. ही कामे एकाच फेरीत उरकता आली तर पाहा. नूतनीकरणापूर्वी पीयूसी करून त्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघावा. बीएस-४ पेट्रोल गाडीला ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तो तिच्या बराच खाली असेल तर इंजिनाच्या कारणासाठी ही गाडी काढण्याची गरज मला दिसत नाही.