मदत हवी आहे: 'गंमत' या शब्दाचे अजून अर्थ सांगा जी

नमस्कार मंडळी, आम्ही भंडारा जिल्ह्यातले, पोरगी सातवीत हाय, तिले 'गंमत' शब्दावर दहा वाक्यं लिहून न्यायची हायत. 'गंमत केली', 'गंमत वाटली' झालं, मंग 'गंमत म्हणजे किल्ली खिशातच होती' हे घेतलं, यात हसू कमी अन् नवल जास्त. 'थांब, दाखवतो तुले गंमत' ही तं धमकीच हाय. 'सारे गंमत पाहत उभे होते' म्हणजे मदतीले कोणी गेलं नाही.

पण आमच्याकडं गंमत म्हटलं का पहिले खडी गंमत, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते तवा रातभर चालते ते लोकनाट्य, ढोलकी, तुणतुणं, शाहीर अन् लुगडं नेसून नाचणारा माणूस. 'आज कोणत्या गावाले गंमत हाय?' असंच विचारते इकडं लोकं. तिनं नेमकं हेच वाक्य लिहिलं तं वहीत लाल रेघ आली, लय रडली पोरगी. मले तं तेच वाक्य सगळ्यात चांगलं वाटते, आजोबानं सांगितलं होतं तिले.

तुमच्या भागात अजून कोणत्या अर्थानं वापरतात, वाक्यासकट सांगा. अन् खडी गंमतीचा अर्थ छापलेला कोण्या शब्दकोशात असन तं त्या पानाचा फोटो टाका, सोमवारी वही द्यायची हाय.