मदत हवी आहे: एमबीबीआर ठेवू की एसबीआर करू? (नायट्रोजन)

वैतागलेला_सेक्रेटरी: पुण्यात सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) आहे, 120 केएलडी (दिवसाला 120 हजार लिटर), एमबीबीआर, म्हणजे हवेच्या टाकीत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढतात तो. रिपोर्टमध्ये परत नायट्रोजन जास्त आलाय. व्हेंडर म्हणतो हे सगळं उखडा, एसबीआर टाका. रविवारी मीटिंग आहे, कोणी दोन्ही वापरलंय का? लवकर सांगा.

गाळवाला: कुठला नायट्रोजन? अमोनिया की नायट्रेट? आणि टाक्या किती?

वैतागलेला_सेक्रेटरी: टोटल 40, लिमिट 10 (लिटरला मिलिग्रॅम). बाकी कागद घरी आहेत.

दोन_नंबर_विंग: आमच्याकडे एसबीआर आहे. एकाच टाकीत भरणं, हवा, बसवणं, उपसणं, मस्त चालतं. फक्त गेल्या पावसाळ्यात वरचं साफ पाणी उपसणारा डिकँटर अडकला आणि गाळ थेट फ्लशच्या टाकीत, बायका अजून बोलतात.

हिरवा_अंगठा: भाजीचा कचरा वेगळा ठेवता का तुम्ही?

गाळवाला: त्याचा इथे काय संबंध!

डेल्फ्टकर: ॲनामॉक्स (अमोनियाचा थेट नायट्रोजन वायू करणारे जिवाणू) बघा, 2002 पासून रॉटरडॅमला चालू आहे, हवाही कमी लागते.

गाळवाला: अहो ते गाळ कुजवणाऱ्या डायजेस्टरच्या गरम, अमोनियाने भरलेल्या पाण्यावर, सोसायटीच्या सांडपाण्यावर नाही. सेक्रेटरीसाहेब, सेटलरवर (गाळ खाली बसवायच्या टाकीवर) दुपारी गाळ वर येतो का?

वैतागलेला_सेक्रेटरी: येतो की! चपातीएवढे तुकडे, काठीने ढोसलं की बुडबुडे सुटून परत खाली. ऑपरेटर त्यावर पाणी मारतो. अमोनिया 2, नायट्रेट 37, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण) येताना 210. टाक्या दोन, एकामागे एक.

गाळवाला: हे आधी सांगायचं ना. अमोनिया तर जातोय, त्याचा नायट्रेट होऊन बसलाय, आणि नायट्रेट तोडायला बिनहवेची जागाच नाही म्हणून ते काम सेटलरमध्ये होतंय, तेच नायट्रोजन वायूचे बुडबुडे. पहिल्या टाकीची हवा बंद करा, मिक्सर टाका, दुसरीतलं पाणी येणाऱ्या पाण्याच्या तिप्पट पहिलीत फिरवा. हिशेबाने 75 टक्के नायट्रेट जाईल, म्हणजे नायट्रेट नऊ-दहाच्या आसपास उरेल. नायट्रेट तोडणाऱ्या जिवाणूंना खायला बीओडी पुरेसा आहे.

दोन_नंबर_विंग: आणि मग एकाच टाकीत अमोनिया जाईल का? थंडीत बघा हं. एसबीआरला टाक्या वाटायची कटकट नाही.

गाळवाला: शंका बरोबर आहे. दुसरीत मीडिया (ते प्लास्टिकचे तुकडे) वाढवावा लागेल, अल्कलिनिटीही (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) तपासा, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सात ग्रॅम खाते, नायट्रेट तुटलं की निम्मी परत मिळते.

वैतागलेला_सेक्रेटरी: ऑपरेटरला फोन केला. पहिल्या टाकीचा हवेचा व्हॉल्व्ह तीन वर्षं जाम आहे म्हणे.