गावाकडच्या पोरांसाठी कारपूल अ‍ॅप? आधी कार कोणाची ते सांगा

पूर्णाकाठ
परवा ‘कोडवाला’ने इथं टाकलेलं वाचल्यापासून डोक्यात भुंगा शिरलाय. परतवाडा, चांदूर बाजार, दर्यापूरकडून अमरावतीला शिकायला येणाऱ्या पोरांसाठी तो कारपूल अ‍ॅप बनवतोय. कॉलेजच्या ओळखपत्रावर नोंदणी, नकाशावर रिकामी सीट दिसली की बुक, पेट्रोल वाटून. खाली अंगठ्यांची रांग.

भाऊ, एकदा सकाळी आठला अमरावतीजवळच्या वलगावात रस्त्याच्या कडेला उभा राहा अन् मोज. कारा अमरावतीतून बाहेर पडतात, आत येत नाहीत. गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, बँकेचे साहेब राहतात शहरात, नोकरी खेड्यात. पोरं राहतात खेड्यात, कॉलेज शहरात. संध्याकाळी तेच, उलट्या बाजूनं. तुझी गाडी आणि तुझा प्रवासी रोज वलगावात एकमेकांना टाटा करणार. मी तीन वर्षं आसेगाववरून येणं-जाणं केलं. वर्गात कार घेऊन येणारे दोघं, अन् ते दोघंही अमरावतीचेच.

कोडवाला
‘कार’ शब्दाला धरून बसू नका. दुचाकीची मागची सीटही धरणार आहे. आणि एसटी स्टँडवर सोडते, पुढे तपोवनाकडे विद्यापीठापर्यंत ऑटो कोण देतो? तेवढ्या टप्प्यासाठी जरी अ‍ॅप चाललं तरी पुष्कळ. काहीच करू नका म्हणणं सोपं असतं.

काळा_कोट
पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणूस बसवला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी आधी ‘भाडं घेतलं का’ हेच विचारते. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याची वाहतूक बसत नाही. अ‍ॅपवरच्या गाड्यांसाठी केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खासगी गाडीला शहराबाहेरच्या फेऱ्या आठवड्याला दोनच होत्या. कॉलेज सहा दिवस असतं. ‘पेट्रोल वाटून’ आणि ‘भाडं’ यातला फरक अ‍ॅपमध्ये कसा दाखवणार, तेवढं सांगा.

कपाशी
पूर्णाकाठ, गुरुजीचं नाव काढलं ते बरं केलं. हे अपडाऊनवाले कायले अ‍ॅपवर येतील बे? अ‍ॅपवर रोज सकाळी ‘अमरावतीवरून निघालो’ दिसलं म्हणजे मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावी, राहत नाही याचा पुरावाच झाला ना! घरभाडे भत्ता कशाचा घेऊन राहिले मग? आमच्या गावच्या शाळेत साडेदहाची प्रार्थना अकराला होते. गाडी पंक्चर, फाटक लागलं, रोज नवीन कारण. पोट्टे बिचारे अंगणात गोट्या खेळून राहतात.

खडू_फळा
अ‍ॅपचा विषय आहे, पण इथंही शिक्षकच. कपाशी, तुमच्या गावात मला एक खोली दाखवा, जिला संडास आहे आणि जी एकट्या बाईला मिळेल. पहिल्या वर्षी मी खेड्यात राहिले. घरमालकाची गाय माझ्या खिडकीला बांधलेली, पाणी तीन दिवसांनी. नवऱ्याची नोकरी धामणगावला, मुलगी अमरावतीत. मी कुठं राहायचं ते तुम्ही ठरवणार?

आणि रिकाम्या सीटा कुणी पाहिल्या? आम्ही चौघी एका गाडीत जातो. पेट्रोल महिन्याला वाटून, पुढची सीट आठवड्याला बदलते. बारा वर्षं झाली, अ‍ॅप लागलं नाही.

कपाशी
मॅडम, तुमची गाय खरी असन. पण भत्ता घेताना गाय आठवत नाही ना? गावात राहतो अशा दाखल्यावर सही सरपंचाची घ्यायची, राहायचं शहरात.

खडू_फळा
सही कोण देतो? तुमचाच सरपंच. त्याला विचारा. आणि मला साडेदहाची प्रार्थना शिकवू नका, माझी शाळा वेळेवर भरते.

एमएस्सी_दुसरं_वर्ष
दोघं भांडा सावकाश. मी रोज येते म्हणून सांगते. दुचाकीची मागची सीट? आमच्याकडे फाट्यावर कुणाच्या गाडीवरून उतरली ही बातमी माझ्या आधी घरी पोचते. ओळखपत्र तपासलेलं आहे हे आईला सांगून उपयोग काय, तिला ‘कुणाचा पोरगा’ हे पाहिजे. ‘फक्त मुली’ असा पर्याय ठेवाल, पण आमच्या रस्त्यावर गाडी चालवत कॉलेजला येणारी मुलगी मी अजून पाहिली नाही.

आणि पैशाचं. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाडं तिसरा हिस्सा. पास संपला तरी मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. तुमचं वाटून घेतलेलं पेट्रोल याच्या खाली येईल?

माझं दुखणं वेगळंच आहे. मागच्या हिवाळ्यात प्रॅक्टिकल लांबलं, स्टँडवर आले तर चौकशीत म्हणे ‘येईल’. दीड तास ‘येईल’. शेवटी गावातल्या दूधवाल्या काकांना फोन केला, रिकाम्या कॅनांमध्ये बसून घरी आले. गाडी डेपोतून निघाली की रद्द झाली, एवढं कळलं असतं तरी मी पाचलाच मैत्रिणीच्या रूमवर गेले असते.

कोडवाला
ताई, दूधवाले काका म्हणजेच कारपूल! तेच तर म्हणतोय मी.

एमएस्सी_दुसरं_वर्ष
काकांकडे साधा बटनाचा फोन आहे. आणि ते आले ते माझ्या बाबांच्या ओळखीवर. तुमच्या अ‍ॅपमध्ये बाबा कुठं टाकणार?

पूर्णाकाठ
😂 नकाशात फाटे तरी टाकलेत का? फाट्याची नावं नकाशाला माहीत नसतात. अन् पिंपळखुटा शोधला तर कोणता, ते पिंपळखुट्यालाच विचारावं लागेल.

कोडवाला
हसा. दिशेचं कबूल, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. हॉस्टेलवर राहून डिझाइन केलं की असं होतं, हेही लिहून टाका. पण अमरावतीत राहून परतवाड्याच्या कॉलेजात जाणारी पोरं आहेत ना? त्यांची दिशा गुरुजींचीच. पन्नासेक किलोमीटर, सकाळी एकाच वेळेला.

पूर्णाकाठ
म्हणजे शेवटी शहरातल्याच पोरांची सोय. पोस्टीत तर ‘गावाकडची पोरं’ लिहिलं होतं.

खडू_फळा
आमची एक जण मेमध्ये रिटायर होतेय. तिची सीट देऊ एखाद्या मुलीला, पण समोरासमोर बोलून. नाव, नंबर, वेळ अ‍ॅपवर अजिबात टाकणार नाही.

कपाशी
टाकणारच नाही! मी काय म्हणत होतो?

काळा_कोट
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.