गोधडी भिंतीवर टांगणं: मान की मिरवणं?

सुईदोरा:
कॉलेजच्या प्रदर्शनासाठी चार बाय सहा फुटांचा पीस करतेय, सगळं सामान सापडलेलं. टेलरच्या दुकानातल्या चिंध्या, खताच्या पोत्याच्या तोंडाचा दोरा, फाटक्या लुगड्याचे काठ, बटणं. गावाकडे गोधड्या शिवणाऱ्या बायांना मान म्हणून, त्यामुळे धावदोरा त्यांचाच, कडेनं फिरत फिरत मधे येणारा. मैत्रीण म्हणते हा उसना मोठेपणा आहे. मला नाही पटत. तुमचं काय?

वाकळवाली:
मैत्रीण बरोबर आहे, राग येऊ दे हवं तर. लुगडं फाटलं की दंड घालायचा, म्हणजे फाटका भाग कापून उरलेलं जोडायचं, परत नेसायचं, पार विरलं की मग ते वाकळेच्या पोटात जायचं. तू चिंध्या हुडकत फिरतेस, त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतंच. एवढा मान द्यायचाय तर माझ्या आत्यासारखीला शिवायला सांग आणि मजुरी दे की.

किरकिरे_काका:
गरज होती हो, पण नुसती गरजच होती का? उबेला काय, कुठलाही तुकडा कुठंही चालतो. आमची आई लाल खणाचे तुकडे वेगळे काढून ठेवायची, चार कोपऱ्यांना चार, मधे एक, आणि जागा चुकली की उसवायची. तिकडे कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कौदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, त्याशिवाय कौदी पुरी झाली असं मानत नाहीत. त्यानं काय ऊब वाढते? गरिबीची वस्तू म्हणून सोडून देणं हाही अपमानच.

वाकळवाली:
काका, कला नाही असं मी कुठं म्हटलं? कला त्यांची आणि पाटीवर नाव हिचं, वांधा तिथं आहे.

अर्धवट_एनआरआय:
इथे अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या गोधड्या बघा. कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी कामाच्या जुन्या जीन्स, शर्ट असले कपडे फाडून शिवलेल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये लागल्या, मग न्यूयॉर्कला, २००६ मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. आणि तिथे भिंतीवर शिवणाऱ्या बाईचं नाव होतं बरं का! तरी २००७ मध्ये त्यातल्याच काही जणी पैशा-हक्कांवरून कोर्टात गेल्या, पुढच्या वर्षी तडजोड झाली. म्हणजे नाव लावलं की सगळं मिटलं असं नाही.

सुईदोरा:
पण मी कुणाची गोधडी उचलून नाही ना आणली, टाका न टाका मी घालतेय, बोटं सोलवटलीत. आणि टाक्यावर मालकी कुणाची? उद्या आईकडून शिकलेली भाजी केली तरी परवानगी काढायची का?

वाकळवाली:
भाजी घरात खातेस तोवर कोण विचारतंय, हॉटेल काढलंस तर आई विचारेल. हा पीस विकला गेला तर पैसे कुणाचे एवढं फक्त सांग.

सुईदोरा:
विकायचं अजून ठरलेलं नाही.

किरकिरे_काका:
मग ठरव की आधी! सरळ प्रश्न आहे तो.

वाकळवाली:
हां. आणि तो पोत्याचा प्लॅस्टिकचा दोरा पहिला काढ बाई, विरलेल्या लुगड्याला कापत जाईल तो. साधा सुती घे, दुपदरी कर.