कराड ते औदुंबर कायाकने: मुक्काम नदीकाठी टाकावा का?

राम राम मंडळी. मी कराडचा. दिवाळीत सेकंडहँड कायाक (वल्ह्याची छोटी होडी) घेतली, दहा फुटी, प्लास्टिकची. रॉड अडकवायला मागं पीव्हीसीचे पाइप घरीच बसवलेत. जानेवारीत प्रीतिसंगमावरून, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरून निघायचं, गळ टाकत खाली यायचं आणि दुसऱ्या दिवशी औदुंबरच्या घाटावर उतरायचं, असा बेत आहे. सोबत मेव्हणा, भाड्याच्या कायाकवर.

माशांचं विचारत नाही. मरळ, शिंगाळा, वाम, जे नशिबात असेल ते. काहीच नाही तर चिलापी आहेच, ती कुणालाही लागते. अडचण रात्रीची आहे. मागच्या मार्चमध्ये रेठऱ्याच्या खाली मळीत (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत) तंबू ठोकला होता. पहाटे जाग आली ती पाय ओले झाल्यावर. चपला आणि गळाचा डबा गेला. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू असलं की १०५० क्युसेक, दोन्ही असली की २१०० पाणी येतं, हे नंतर कळलं. त्यात खालच्या अंगाला मगरी. आई तर २०१९ च्या महापुरात उलटलेल्या ब्रह्मनाळच्या बोटीचं नाव काढून रोज टोकते. लाइफ जॅकेट दोघांनाही आहेत. तंबू कुठं टाकू?

प्रतिसाद, भिलवडीकर:
दोन दिवसांत मासे धरत कराडहून औदुंबर? विसरा. रस्त्याचं अंतर धरू नका, कृष्णा वळणं घेत येते. खाली बहे गावच्या पुलाखालून निघा.

बंधाऱ्याला मगरीपेक्षा जास्त भ्या. साटपेवाडी असो की नागठाणे, दोनशे पावलं अलीकडंच काठाला लागायचं आणि कायाक उचलून पलीकडं न्यायची. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असले तर वरून पाणी सांडतं आणि खाली भोवरा होतो. काढलेले असले तर गाळ्यात ओढ लागते.

मळीत झोपू नका. वर एखाद्या वस्तीवर विचारा, कुणी नाही म्हणत नाही. उसाच्या फडाच्या कडेलाही नको, ऊसतोड चालू असली की बिबट्या बाहेर पडतो. थंडीत मगर दुपारी ऊन खायला काठावर पडते, तेव्हा दिसते तरी. सकाळ-संध्याकाळ ती पाण्यात, म्हणून नेमक्या मासे लागायच्या वेळेलाच पाय बाहेर सोडून बसू नका. धरलेले मासे दोरीला ओवून पाण्यात लोंबकळत ठेवायची सवय असेल तर मोडा, बर्फाचा डबा घ्या. साफसफाई घरी.

धागाकर्ता:
आभार. बह्यापासूनच निघतो. मगरीचं मेव्हण्याला सांगितलं नव्हतं, आज हा धागाच वाचायला दिला. तो आता म्हणतोय, मी टेम्पो घेऊन घाटावर थांबतो, भाकरीही आणतो. म्हणजे एक कायाक रिकामी झाली. येतंय का कुणी?