फी वाढवून व्होना चालणार नाही

व्होना (VONA) या अमेरिकेतल्या लेखकांच्या वर्कशॉपबद्दल इथे कुणीतरी म्हटलंय की तिची फी वाढवा, पैशाचा प्रश्नच मिटेल. मला अजिबात पटत नाही. १९९९ मधे सॅन फ्रान्सिस्कोला ही वर्कशॉप सुरू झाली तीच मुळी कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, नेटिव्ह अमेरिकन (तिथले मूळ रहिवासी) लेखकांसाठी, कारण बाकीच्या क्लासमधे अख्ख्या वर्गात आपण एकटेच आणि आपल्या कथेतल्या आजीची भाषा समजावण्यातच अर्धा वेळ जातो. आता इथे येणारा माणूस पगार बुडवून येतो, कुणी पोरं शेजारी ठेवून, वर विमानाचं तिकीट, आणि तुम्ही त्यालाच सांगणार अजून पैसे भर? म्हणजे ज्याला खरी गरज तोच बाहेर.

सरकारी ग्रँटवर विसंबायचं तर मे २०२५ मधे नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सने (कलांना अनुदान देणारी अमेरिकन सरकारी संस्था) कितीतरी साहित्य संस्थांचे मंजूर झालेले पैसे रद्द केले ते बघितलंच आपण. त्यापेक्षा दर महिन्याला पाच-दहा डॉलर देणारी माणसं जोडा, अगदी शंभर जण मिळाले तरी महिन्याला पाचशे ते हजार डॉलर नक्की येणार हे धरून स्कॉलरशिप ठरवता येते. आणि आपण अमेरिकेतले मराठी लिहिणारे पण यात येतोच की, मी या महिन्यापासून दहा डॉलर सुरू करतेय, अजून कोण?