कोल्हापूरची सेडान स्वस्त पडते? हिशेब मांडून दाखवा

टिळकवाडीकर:
सेकंडहॅन्ड सेडान बघूलालोय. होंडा सिटी नाहीतर मारुती सियाझ, २०१६-१७ सालची, पेट्रोल. घरात पाच माणसं, त्यात आईचे गुडघे. बेळगावात जरा बरी गाडी दिसली की मालक भावाला हटून बसतो, म्हणून जो तो सांगतोय, "कोल्हापूर-पुण्याहून आण, तिकडं स्वस्त." मला ते पटत नाही. गाडी कायमची इकडं आणली की कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स नव्याने भरायचा. आपला दर देशातल्या चढ्या दरांपैकी: ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के, १० ते २० ला १७, आणि त्या टॅक्सवर ११ टक्के सेस. वयाप्रमाणे सूट मिळते, पण टक्के लागतात ते नवेपणीच्या किमतीवर, आपण मोजलेल्या पैशांवर नव्हे. म्हणून थोडे जास्त गेले तरी बेळगावची केए-२२ पाटीचीच घ्यावी. कुणाला वेगळं वाटतंय?

निपाणीचा अण्णा:
मला वाटतंय की! हिशेब अर्धाच मांडलास. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सपैकी उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. इकडं नवी नोंदणी झाली की तिचे कागद जोडून तिकडच्या आरटीओत अर्ज टाकायचा. हेलपाटे आहेत, नाही म्हणत नाही. पण सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की कोल्हापूर. आपल्याला ते काय परदेश आहे?

दुसरं म्हणजे १० लाखांची रेघ बघ. नवेपणी ११ लाखांची गाडी असली तर १७ टक्के आणि सेस मिळून दोन लाख सात हजारांवर जातं, मग त्यातून वयाची सूट. तीच गाडी मधल्या मॉडेलची, साडेनऊ लाखांची असली तर एक लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या आत. सनरूफच्या नादाला लागू नको, तिकडचं मधलं मॉडेल उचल. आणि पुण्यात एकाच मॉडेलच्या दहा गाड्या बघून नऊ सोडता येतात. बेळगावात जी समोर येईल तिलाच हार घालावा लागतो.

अनगोळची वहिनी:
आईचे गुडघे म्हणता आणि सेडान शोधता? भाऊजी, एकदा सासूबाईंना सिटीत बसवून परत उतरवून बघा. सीट एवढी खाली की दोघांनी हात द्यावा लागतो. वर ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. मागे तिघं आणि डिकीत बॅगा भरून जांबोटीवरून चोर्ला घाट धरलात की प्रत्येक खड्ड्याला पोटात गोळा येतो.

खानापूरकर:
वहिनी, उतरण्याचं मान्य. बाकी नाही. त्याच पैशात उंच गाडी घ्यायची तर ती तीन-चार वर्षं जुनी आणि दुप्पट पळालेली मिळते. घाटाच्या वळणावर मागे बसलेल्यांना मळमळतं ते वेगळंच. सिटी-सियाझची डिकी ५१० लिटरची. गणपतीला गावी जाताना तांदळाचं पोतं, दोन बॅगा आणि फळांची करंडी, टपावर दोरी न बांधता जातंय सगळं.

खरं तर घरच्याला स्टेशन वॅगन हवी. पण इंडिगो मरीना, बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी, एकही आपल्या लोकांनी चालू दिली नाही. लांब डिकी म्हणजे म्हणे शववाहिका दिसते! आता कुठं मिळालीच तर काचा आणि टेललाइट शोधताना जीव जाईल.

उद्यमबागेतला:
टॅक्सवर नंतर भांडा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला कोल्हापूर-सांगलीत पाणी कुठवर आलं होतं ते आठवा. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठंतरी गेल्याच की. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळलेल्या भागात मातीची रेघ राहते, ती पुसायचं कुणाला सुचत नाही. स्टेपनी काढून खालच्या खोलग्यात हात फिरवा. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का बघा. नवीन कार्पेट आणि भरपूर अत्तर दिसलं की तिथूनच परत फिरा.

शहापूरचा बाळू:
एवढा खटाटोप कशाला? माझा मेव्हणा कागलात आहे. गाडी त्याच्या नावावर, पाटी कोल्हापूरची एमएच-०९, फिरवायची मी. टॅक्स शून्य.

टिळकवाडीकर:
बाळूदादा, दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांवर ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, हा केंद्राचा कायदा आहे. ३० दिवसांत टॅक्स भरा अशी कर्नाटकाची जी सक्ती होती ती हायकोर्टाने २०१६ ला रद्द केली, एवढाच दिलासा. शिवाय इन्शुरन्स मेव्हण्याच्या नावावर. उद्या ठोकर लागली तर क्लेमची सही त्याची, चलन त्याला, आणि बहिणीशी अबोला तुमचा. डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर एमएच पाटीच्या ट्रकांवर दगड पडले होते. सीमेचा विषय तापला की पाटी बघूनच लोक ठरवतात.

शहापूरचा बाळू:
दगडाच्या भीतीने पाटी बदलायची म्हणजे झालंच की मग.

निपाणीचा अण्णा:
बाळू, तो वाद इथं नको, आणि मेव्हण्याचा मार्ग मलाही मान्य नाही. आणायची तर रीतसर: बँकेचा बोजा उतरलेला, फॉर्म २८ ची एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला) विकणाऱ्याने काढलेली, ती हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

पण टिळकवाडीकर, तुला एक विचारतो. केए-२२ पाटी म्हणजे गाडी बेळगावचीच, हे तू कशावरून धरलंस? तिकडून आलेल्या गाडीला इथं नवीन नंबर मिळतो तो चालू सिरीजचा. आरसीवर उत्पादन २०१६ चं आणि नंबर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी निघालेल्या सिरीजचा असला, तर ती बाहेरून आलेली असणार. आधीचा नंबर विचार आणि त्या नंबरावर सर्व्हिस हिस्ट्री काढ. नाहीतर कोल्हापूर नको म्हणत जास्त पैसे मोजशील आणि गाडी पंचगंगेच्या पुरातलीच निघेल.

टिळकवाडीकर:
उद्या इथल्याच वडगावात एक सियाझ बघायला जाणार आहे, २०१७ ची. सिरीज आजच विचारून घेतो. उद्यमबागवाले, सकाळी मोकळे असाल तर सोबत येता का? चहा-नाश्ता माझ्याकडे.